गोळी पोटात विरघळण्याआधीच

गंगापूर नाक्यावर पंधरा दिवसांपासून एक होर्डिंग लागलंय. ‘सुप्त मन जागं करा, मधुमेहाची गोळी कायमची बंद करा.’ दोन दिवसांचं शिबिर, चहा-जेवणासह. कॉलेज रोडला जाता-येता ते रोज दिसतं आणि रोज जीव कळवळतो. मनाचा शरीरावर काही परिणाम होत नाही, असं मला वाटत नाही. होतोच. तो कसा होतो याचा बराचसा उलगडाही झालाय, आणि ती खरी गोष्ट होर्डिंगवाल्यांना सांगावीशी वाटत नाही याचं वाईट वाटतं.

गेल्या वर्षी माझी अक्कलदाढ काढली. जबड्याची भूल उतरली आणि कानशिलापर्यंत ठणका सुरू झाला. डॉक्टरांनी दिलेली गोळी पाण्याबरोबर घेतली, उशीला टेकलो आणि पाच मिनिटांत ठणका उतरला. आता हिशोब करून पाहा. गोळी पोटात विरघळायची, आतड्यातून रक्तात शोषली जायची, मग दुखऱ्या जागी पोहोचायची. याला साधारण अर्धा तास तरी लागतो. मग पाचव्या मिनिटाला माझं दुखणं कुणी कमी केलं?

याच प्रश्नावर १९७८ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स या तिघांनी एक प्रयोग केला, तोही अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवरच. त्याआधी तीनच वर्षं, १९७५ साली, मेंदू स्वतःच अफूसारखी द्रव्यं तयार करतो हे कळलं होतं. ही द्रव्यं पेशींवरच्या ठरावीक ग्राहकांवर, म्हणजे कुलपांवर किल्ली बसावी तशी बसतात आणि वेदना दबते. अफूचा डोस जास्त झाला तर नॅलॉक्सोन नावाचं औषध देतात. ते त्याच कुलपांत जाऊन अडकून बसतं. कुलूप उघडत नाही आणि खऱ्या किल्लीलाही आत येऊ देत नाही.

या तिघांनी रुग्णांना औषधाचा अंशही नसलेलं इंजेक्शन दिलं. काहींचं दुखणं कमी झालं, काहींचं नाही. मग नॅलॉक्सोन दिलं. ज्यांना आराम पडला होता त्यांचं दुखणं पुन्हा वाढलं! हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसून राहिलो होतो. आराम ही नुसती मनाची समजूत असती, तर तिला नॅलॉक्सोनने का धक्का लागावा? आराम नॅलॉक्सोनने पुसला जातो, याचा अर्थ तिथे किल्ली होती, आणि ती रुग्णाच्या मेंदूनेच घडवली होती. ‘आता बरं वाटेल’ या अपेक्षेचं रसायन झालं होतं.

पुढचा मार्गही सापडला आहे. कपाळामागच्या मेंदूतून निरोप निघतो, मध्यमेंदूतल्या करड्या भागात पोहोचतो, तिथून मेंदूच्या देठातून पाठीच्या कण्यात उतरतो आणि वर येणारा वेदनेचा संदेश मज्जारज्जूच्या दारातच मंद करतो. या यंत्रणेला लगामही आहे. पित्ताशय आकुंचित करणारं कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक मेंदूतही काम करतं, ते अफूसदृश द्रव्यांच्या विरोधात. ‘आता खूप दुखणार’ असं कुणी सांगितलं की काळजी वाढते आणि हे द्रव्य वेदना वाढवतं. इटलीत तुरिनच्या फाब्रित्सिओ बेनेदेत्ती यांनी त्याचे ग्राहक अडवणारं प्रोग्लुमाइड वापरून पाहिलं, तेव्हा भीतीने वाढणारी वेदना थांबली.

बेनेदेत्तींच्याच गटाचं १९९९ सालचं काम तर सुप्त मनाबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकाने वाचावं. आधी काही वेळा मॉर्फिन, म्हणजे अफूपासूनचं वेदनाशामक, देऊन मग गुपचूप खोटं औषध दिलं, तर मिळणारा आराम नॅलॉक्सोनने जातो. आधी किटोरोलॅक, म्हणजे अफूशी संबंध नसलेलं वेदनाशामक दिलं असेल आणि अपेक्षा मुद्दाम जागवली नसेल, तर तो आराम नॅलॉक्सोनला दाद देत नाही. २०११ साली कळलं की तिथे वेगळेच, गांजातली द्रव्यं ज्यांवर बसतात ते ग्राहक कामाला येतात. म्हणजे आधी कोणत्या वाटेने आराम मिळाला होता याची नोंद शरीर ठेवतं, आपल्या नकळत. सुप्त मन म्हणायचंच असेल तर मी या नोंदीला म्हणेन.

पण वेदना किती जाणवावी हे शेवटी मेंदूत ठरतं, म्हणून ती तिथे बदलता येते. रक्तातली साखर तशी नाही. ताणामुळे ती वाढते, झोप आणि चालणं यांनी सुधारते, हे खरं. पण नुसत्या विश्वासावर गोळी किंवा इन्सुलिन बंद करणं जिवाशी खेळ आहे. मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार कायद्याने बंदी आहे. तरी होर्डिंग उभं आहे.

अपेक्षेच्या या ताकदीची मर्यादा २०११ सालच्या दम्याच्या एका अभ्यासात लख्ख दिसते. खरा पंप, औषध नसलेला पंप आणि खोटं अॅक्युपंक्चर, तिन्हींनंतर रुग्णांना जवळपास सारखंच, ४५ ते ५० टक्के, बरं वाटलं. जोरात फुंकताना पहिल्या सेकंदात फुफ्फुसातून सुटणारी हवा मोजली, तर खऱ्या पंपाने ती २० टक्क्यांनी वाढली होती. खोट्या उपचारांनी सुमारे ७ टक्के, आणि काहीच न करताही तेवढीच.

आमच्या पंचवटीतल्या घरी आईला दमा आहे. थंडी पडली की रात्री तिची छाती भरते. पंप ओढून झाला की ती लगेच म्हणते, “आता बरं वाटतंय.” मी पीक फ्लो मीटर, फुंकरीचा वेग मोजणारं छोटं यंत्र, पुढे करतो. ती फुंकते.

“आई, आकडा किती आला गं?”

“दोनशे ऐंशी.”

मघाशी दोनशे वीस होता. दोन्ही आकडे वहीत लिहितो, मग दिवा मालवतो.