थोरल्या दवाखान्यापासून जिनिव्हापर्यंत: जागतिक आरोग्य संशोधनाच्या पेशाची पार्श्वभूमी

१ जुलै २०२५ रोजी अमेरिकेची यूएसएड ही मदतसंस्था बंद झाली. १९६१ पासून क्षयरोग, एचआयव्ही, मलेरिया, बाळंतपण, लसीकरण अशा कामांना ती जगभर पैसा पुरवत होती. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेने जिनिव्हातल्या जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याचे जाहीर केले होते. कोल्हापुरात ज्यांच्या घरची मुलगी बीएएमएस, नर्सिंग किंवा एमएसडब्ल्यू करून परदेशात एमपीएचला (सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर पदवीला) जाण्याच्या तयारीत आहे, त्यांना या बातम्या लांबच्या वाटल्या नसणार. देणगीच आटली तर या शिक्षणावर पोट भरणार कसे, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. मात्र हा पेशा घडला कसा, हे पाहिल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही. पैसा कुणाचा आणि प्रश्न कुणी ठरवायचे, ही ओढाताण त्यात सुरुवातीपासून आहे.

१८५१ मध्ये पॅरिसला पहिली आंतरराष्ट्रीय स्वच्छता परिषद भरली. चिंता होती ती कॉलरा आणि प्लेग युरोपच्या बंदरांत शिरू नयेत आणि व्यापारही अडू नये याची. पुढे १८९८ मध्ये लिव्हरपूलला आणि १८९९ मध्ये लंडनला उष्ण प्रदेशांतल्या रोगांचा अभ्यास शिकवणारी विद्यालये निघाली, तीही मुख्यतः वसाहतींत जाणाऱ्या डॉक्टरांसाठी. आज आपली मुले याच विद्यालयांत प्रवेश मिळावा म्हणून धडपडतात.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन हे ओडेसात जन्मलेले, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले शास्त्रज्ञ. कॉलऱ्याची लस घेऊन ते १८९३ मध्येच हिंदुस्थानात आले होते. मुंबईला ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या लहानशा प्रयोगशाळेत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एका दूषित बाटलीतली लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना पदावरून दूर करण्यात आले. दोष त्यांच्या प्रयोगशाळेचा नव्हता हे मान्य व्हायला १९०७ साल उजाडले. परदेशात जाऊन रोगाशी झुंजणाऱ्या संशोधकाचा मान आणि त्याची असुरक्षितता दोन्ही त्यांच्या आयुष्यात दिसतात. आज परळला त्यांच्या नावाची संस्था उभी आहे.

कोल्हापूरचा धागा याहून जुना आहे. कोल्हापूरच्या सीपीआरला, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाला, जुनी माणसे अजून थोरला दवाखाना म्हणतात. संस्थानच्या काळात त्याचे नाव अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल होते. आनंदीबाई जोशी मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडल्या आणि त्यांना पहिली नेमणूक मिळाली ती याच दवाखान्यातल्या स्त्रियांच्या विभागाची. क्षयाने पोखरलेल्या अवस्थेत त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. कोल्हापूरची नेमणूक कागदावरच राहिली. तरी एका देशी संस्थानाने परदेशात शिकलेल्या मराठी बाईला आपल्या खर्चाने, आपल्याच बायकांच्या आजारासाठी बोलावले होते. त्या काळी हा निर्णय केवढा मोठा होता, याची आठवण गावात फारशी निघत नाही याचे वाईट वाटते.

शाहू महाराजांनी हे धोरण पुढे नेले. कृष्णाबाई केळवकर यांना त्यांनी वैद्यकीय शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली, पुढे विलायतेला पाठवले आणि अल्बर्ट एडवर्डमध्येच काम दिले. १९२० मध्ये बाबासाहेब आंबेडकर लंडनचे अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायला निघाले, तेव्हाही महाराजांनी मदत केली. महाराष्ट्र शासनाच्या परदेश शिष्यवृत्तीला राजर्षी शाहू महाराजांचे नाव आहे ते या परंपरेमुळे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या या योजनेत वर्षाला ७५ जागा आहेत. आपल्याकडून आरोग्याच्या अभ्यासाला बाहेर जाणाऱ्या ज्या मुलांना घरातून एक रुपयाही मिळण्याजोगा नसतो, त्यांतल्या अनेकांना तिचा आधार असतो.

विसाव्या शतकात पैशाची सूत्रे अमेरिकेकडे सरकली. रॉकफेलर फाउंडेशनच्या देणगीतून १९१६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे महाविद्यालय उभे राहिले. ७ एप्रिल १९४८ रोजी जागतिक आरोग्य संघटना अस्तित्वात आली. १९४९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी मागास देशांना तांत्रिक मदत देण्याचा कार्यक्रम जाहीर केला आणि ‘विकास’ हे नोकरीचे क्षेत्र होऊ लागले. १९५२ मध्ये रॉकफेलर आणि आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) यांनी मिळून पुण्यात विषाणू संशोधन केंद्र काढले, तेच आजचे एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोग्याच्या जंगलात माकडे मरू लागली आणि माणसांना ताप येऊ लागला, तेव्हा या केंद्राच्या लोकांनी क्यासनूर जंगल रोगाचा विषाणू शोधला. देवीचे उच्चाटन हे या काळाचे सर्वांत मोठे यश. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला. घरोघर चित्र दाखवून रुग्ण शोधणाऱ्या हजारो आरोग्य कर्मचाऱ्यांची नावे मात्र कुठे नोंदली गेली नाहीत.

दिशा बदलली ती महाराष्ट्रातल्या दोन जोडप्यांमुळे, आणि याचा अभिमान वाटतो. रजनीकांत आणि मेबल आरोळे वेल्लोरला शिकले, हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९७० मध्ये दुष्काळी जामखेडला येऊन बसले. गावातल्या, बहुतेक निरक्षर, अनेकदा दलित असलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केले. १९७८ मध्ये अल्माआटा येथे ‘सर्वांसाठी आरोग्य’चा जाहीरनामा निघाला, त्याआधीच जागतिक आरोग्य संघटनेने अभ्यासासाठी निवडलेल्या मोजक्या प्रकल्पांत जामखेड होते.

राणी आणि अभय बंग हेही हॉपकिन्सचे. १९८४ मध्ये तिथला अभ्यासक्रम संपवून ते परतले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. बायकांच्या आजारांवर त्यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या. ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता आणि याआधी तपासणी झालेल्या फार थोड्या होत्या. १९८९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात हे आले आणि लोकसंख्येचे धोरण फक्त कुटुंबनियोजनाभोवती आखणाऱ्यांना स्त्रियांच्या आरोग्याचा विचार करावा लागला. पुढे त्यांनी ३९ गावांत खेड्यातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घेण्याचे, वेळ पडल्यास जंतुसंसर्गावर इंजेक्शन देण्याचे शिक्षण दिले आणि तुलनेसाठी ४७ गावे ठेवली. डॉक्टरांशिवाय इंजेक्शन, यावर आक्षेप घेणारे कमी नव्हते. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ मध्ये लॅन्सेटमध्येच छापून आले. आज आपल्या वाडीवर बाळंतिणीच्या घरी आशा ताई ठरलेल्या दिवशी येते आणि बाळाचे वजन घेते, त्या भेटींचे मूळ तिथे आहे. परदेशी पदवीचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही. अभ्यासाची शिस्त बाहेरून आली, प्रश्न गावाने दिला आणि उत्तर पुन्हा सगळ्या देशात गेले.

२००२ मध्ये एड्स, क्षय आणि मलेरियासाठीचा ग्लोबल फंड, २००३ मध्ये अमेरिकेचा एड्स कार्यक्रम आणि गेट्स फाउंडेशनचा ‘आवाहन’ प्रकल्प सुरू झाल्यावर या क्षेत्रात पैशाचा पूर आला. फील्ड सुपरवायझर, डेटा मॅनेजर, मॉनिटरिंग ऑफिसर ही पदे जिल्ह्याच्या गावी दिसू लागली. एमपीएचचे अभ्यासक्रम देशातही वाढले. पण त्याआधीच, १९९२ मध्ये, शेजारच्या सांगलीत मीना शेषू यांच्या ‘संग्राम’ने वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांना बरोबर घेऊन काम सुरू केले होते. निरोध कसा पोहोचवायचा आणि पोलिसांचा जाच कसा थांबवायचा, हे त्या स्त्रियांनी स्वतः ठरवले. आपल्या भागात या पेशात येणाऱ्यांनी जिनिव्हाच्या आधी सांगली-मिरजेला जाऊन यावे, असे मला मनापासून वाटते.

पैसा आटणेही नवे नाही. ब्रिटनने भारताला थेट आर्थिक मदत देणे २०१५ मध्ये थांबवले. परदेशी देणग्यांचे आपले नियम २०१० मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये कडक झाले. प्रोजेक्ट संपला की नोकरी संपते, हे या क्षेत्रातले लोक वर्षानुवर्षे सोसत आले आहेत. यूएसएड गेल्याने ते एकदम सर्वांना दिसले इतकेच. सांख्यिकी, साथरोगशास्त्र आणि लोकांशी बोलण्याची हातोटी ज्याच्याजवळ आहे, त्याला आयसीएमआरच्या संस्था, राज्याचा आरोग्य विभाग, वैद्यकीय महाविद्यालयांतले पीएसएम (रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यक) विभाग इथे जागा आहेत. पगार जिनिव्हाचा नसतो आणि जागा कंत्राटी असण्याचाच संभव जास्त, हे पालकांना स्पष्ट सांगायला हवे.

विषय शोधायला मात्र इथून लांब जावे लागत नाही. २००१ च्या जनगणनेत या सधन ऊसपट्ट्यातल्या कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या. २०१२ मध्ये इचलकरंजीत पाण्यातून काविळीची साथ पसरली. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कोल्हापूरजवळच्या चिखली-आंबेवाडीची माणसे घर सोडून छावण्यांत राहिली. दर हंगामात मराठवाड्यातून येणाऱ्या ऊसतोड बायकांची बाळंतपणे कुठल्या उपकेंद्रात मोडतात, हे ठरवताना दोन जिल्ह्यांच्या नोंदी जुळत नाहीत. आणि १९५७ मध्ये शिमोग्यात सापडलेला तो माकडताप २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात काजूच्या बागांत काम करणाऱ्यांपर्यंत पोहोचला. दोडामार्गातून तिलारी घाट चढला की आपला चंदगड तालुका लागतो, आणि काजू तिथेही आहे.