रिचार्जेबल सेल : घरगुती वापरातील विश्वासार्हता

घड्याळ, टॉर्च, रक्तदाबमापक अशा उपकरणांत बसणारे पेन्सिल सेलच्या (एए) आकाराचे रिचार्जेबल सेल अपेक्षेआधीच निकामी होणे, नुसते ठेवल्यानेही उतरणे किंवा चार्जरने त्यांना सदोष ठरवणे, या तक्रारी आणि त्यांची कारणे या नोंदीत नागपूरच्या संदर्भात दिली आहेत. इन्व्हर्टरच्या व मोबाइलच्या बॅटऱ्यांचे रसायनशास्त्र वेगळे असल्याने त्यांचा येथे विचार केलेला नाही. निकेल-कॅडमियम घट स्वीडनचे वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ मध्ये तयार केला. विषारी कॅडमियमऐवजी हायड्रोजन शोषणारा मिश्रधातू वापरणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल १९८० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आले आणि घरांत आज मुख्यतः तेच वापरले जातात.

काही तक्रारींत सेलचा दोष नसतोच. नव्या अल्कलाइन (साध्या, एकदाच वापरायच्या) सेलचा विद्युत्‌दाब (व्होल्टेज) १.५ व्होल्ट, तर या सेलचा १.२ व्होल्ट असतो. त्यामुळे चार सेलांच्या रक्तदाबमापकाला ६ ऐवजी ४.८ व्होल्ट मिळतात आणि पुरेसा भार (चार्ज) शिल्लक असतानाही बॅटरी संपत आल्याची खूण पडद्यावर दिसू शकते.

आपोआप उतरणे हा मात्र या सेलचा स्वभाव आहे. जुन्या पद्धतीच्या सेलमधील सुमारे २० ते ३० टक्के भार साध्या तापमानालाही महिन्याभरात नाहीसा होतो. २००५ मध्ये सान्यो कंपनीने आणलेल्या ‘एनेलूप’पासून ही गळती फार कमी असलेले सेल मिळू लागले, आणि क्वचित लागणाऱ्या टॉर्चसाठी तेच घ्यावेत. महिनोन्‌महिने अत्यल्प वीज घेणाऱ्या भिंतीवरच्या घड्याळाला साधा सेलच योग्य ठरतो.

नागपुरात या सर्वांवर उन्हाळ्याचा परिणाम होतो. मे महिन्यात येथील सरासरी कमाल तापमान ४३ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि नवतप्यात (मेअखेर सुरू होणाऱ्या नऊ तप्त दिवसांत) पारा ४५ च्या पुढे जातो. हे सेल चार्ज करण्यासाठी उत्पादक सामान्यतः ० ते ४५ अंशांची मर्यादा देतात. सेल भरत आला की येणारी वीज साठण्याऐवजी उष्णतेत रूपांतरित होऊ लागते; म्हणजे स्लॅबखालच्या तापलेल्या खोलीत, दुपारच्या वेळी, वेगाने चार्ज होणारा सेल ही मर्यादा सहज ओलांडतो. चांगला चार्जर सेल भरताच विद्युत्‌दाबात होणारी किंचित घट ओळखून थांबतो, परंतु उष्णतेत ही घट आणखी पुसट होते. स्वस्त चार्जर तर केवळ ठरावीक वेळेनंतर बंद होतात, आणि काही बंदच होत नाहीत. अतिचार्ज झालेल्या सेलमध्ये साठलेला वायू झडपेतून बाहेर पडतो, त्यासोबत विद्युत्‌-विच्छेद्य द्रव (इलेक्ट्रोलाइट) कमी होतो, अंतर्गत रोध वाढतो, आणि पुढे हाच वाढलेला रोध पाहून स्मार्ट चार्जर सेल नाकारतो. येथे दोष सेलला दिला जातो, पण बहुधा तो चार्जरचा आणि वेळेचा असतो. म्हणून उन्हाळ्यात सेल पहाटे किंवा कूलरच्या हवेतल्या खोलीत, तुषारांपासून दूर, मंद गतीने चार्ज करणे हिताचे असते.

नवे-जुने सेल एकत्र वापरणे हेही अकाली बिघाडाचे मोठे कारण आहे. एकसर (सिरीज) जोडणीत सर्वांत अशक्त सेल आधी रिकामा होतो आणि उरलेल्यांचा प्रवाह त्याच्यातून उलटा विद्युत्‌दाब निर्माण करीत राहतो, ज्यामुळे त्याला कायमची इजा होते. एकत्र घेतलेले सेल एकत्रच वापरावेत आणि टॉर्च मंद होताच काढावेत. दर वेळी सेल पूर्ण रिकामा करण्याची जुनी सवय निकेल-कॅडमियमच्या ‘स्मृती’दोषातून (अर्धवट वापरून वारंवार चार्ज केल्यास क्षमता घटल्यासारखी वाटणे) आली, निकेल-मेटल हायड्राइड सेलना तिची सहसा गरज नसते.

खरेदी सीताबर्डीच्या बाजारात असो वा ऑनलाइन, वेष्टनावरील क्षमतेचा आकडा तपासावा. या आकाराच्या निकेल-मेटल हायड्राइड सेलची क्षमता फार तर २,८०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास असते, त्यामुळे ४,००० चा दावा खोटाच समजावा. निकामी सेल ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नयेत. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांच्या पुनर्चक्रीकरणाची व्यवस्था करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.