चिपमधल्या टाकीची उंची

आमच्या दादरच्या सोसायटीच्या ऑफिसात नवा कॉम्प्युटर घ्यायचा विषय मीटिंगमध्ये निघाला तेव्हा पहिला आक्षेप आला तो विजेचा. "जुना एवढी वीज खातो, मग याहून दसपट वेगवान किती खाईल?" खजिनदारकाकांचा प्रश्न रास्तच होता. मोटार असो की पंखा, वेग वाढला की खर्च वाढतो हा आपला रोजचा अनुभव. कॉम्प्युटरमध्ये मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर उलटंच घडत आलं आहे. तेवढ्याच विजेत होणारी आकडेमोड कित्येक दशकं साधारण दर दीड वर्षाला दुप्पट होत गेली. मी घरचा छोटा वॉटमीटर नेऊन प्लगला लावला. पेंटियम ४ चा जुना टॉवर नुसता चालू ठेवला तरी ८५ वॉटच्या आसपास दाखवत होता. मुलाकडून आणलेला तळहाताएवढा मिनी पीसी ८ वॉटवर होता, आणि मेंटेनन्सची बिलंही त्यानेच आधी काढली.

हे कसं घडतं ते आपल्याच गच्चीवरच्या टाकीवरून समजतं.

ट्रान्झिस्टर म्हणजे स्विच. त्याच्या गेटवर, म्हणजे स्विच चालू-बंद करणाऱ्या टोकावर, विद्युतभार साठला की एका अवस्थेत, निघून गेला की दुसऱ्या. भार साठवणारी वस्तू म्हणजे बारावीत शिकलेला कपॅसिटर. त्याला टाकी समजा. टाकीच्या तळाचं क्षेत्रफळ म्हणजे धारकता, पाणी म्हणजे विद्युतभार आणि पाण्याची उंची म्हणजे व्होल्टेज. '१' लिहायचा तर टाकी भरायची, '०' लिहायचा तर रिकामी करायची.

आता नीट पाहा, टाकीत पाणी पडतं कुठून? वरच्या तोंडातून. टाकी रिकामी असली तरी पंपाला प्रत्येक थेंब पार वरपर्यंत चढवावा लागतो, आणि मग तो धबाधबा तळाशी कोसळतो. टाकी भरली तेव्हा पंपाने केलेल्या कामातलं निम्मंच पाण्यात उरलेलं असतं, निम्मं त्या कोसळण्यात गेलेलं असतं. चिपमध्ये हुबेहूब हेच होतं. गेट भरताना निम्मी ऊर्जा उष्णता होऊन जाते, रिकामं करताना उरलेली निम्मी. तारांचा रोध कमी केला तर हा निम्मा वाटा वाचेल असं कुणालाही वाटेल, पण तो वाचत नाही. रोधाने फक्त टाकी भरायला लागणारा वेळ बदलतो. कॉलेजात हे गणित पहिल्यांदा सोडवलं तेव्हा रोधाची संख्या उत्तरातून अलगद गळून पडताना पाहून मी थक्क झालो होतो. आजही ते पुन्हा मांडून पाहायला मला आवडतं.

म्हणजे एकदा भरून रिकामं करण्याचा खर्च होतो धारकता गुणिले व्होल्टेजचा वर्ग. वर्ग का? उंची निम्मी केली की पाणी निम्मं लागतं, आणि तेही निम्म्याच उंचीवर चढवायचं असतं. खर्च एक चतुर्थांश. १९९३ चा पहिला पेंटियम ५ व्होल्टवर चालायचा. आजचे प्रोसेसर एक व्होल्टच्या आसपास चालतात. नुसत्या उंचीतून पंचवीसपट बचत!

(कपॅसिटरचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. 'वीजबिल निम्मं' म्हणून विकतात ती प्लगमध्ये खोचायची डबी मी उघडून पाहिली आहे. आत एक छोटा कपॅसिटर आणि एक लुकलुकणारा दिवा. घरचा मीटर युनिटं मोजतो, आणि त्या कपॅसिटरने युनिटं कमी होत नाहीत. कृपया पैसे घालवू नका.)

चिपच्या आधीची यंत्रं टाकी भरण्यापुरती वीज खात नव्हती, ती अखंड जळत असत. आपल्या कुलाब्यात टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅकमध्ये सुमारे २७०० व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्या, होते. आकडेमोड चालू असो वा नसो, प्रत्येकाची तार तापलेलीच. १९६३ मध्ये फ्रँक वॉनलास यांनी सीमॉसची रचना मांडली. त्यात जोडीने दोन नळ असतात, एक भरणारा, एक रिकामा करणारा, आणि एक उघडा असताना दुसरा बंद. काम नसेल तर खर्च जवळपास शून्य. १९७४ मध्ये रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढचं गणित मांडलं. ट्रान्झिस्टरची लांबी, रुंदी, जाडी आणि व्होल्टेज, सगळं ०.७ पट करा. धारकता ०.७ पट, व्होल्टेजचा वर्ग ०.४९ पट, म्हणजे दर वेळच्या स्विचिंगची ऊर्जा सुमारे ०.३४ पट. स्विच वेगवानही होतो, आणि तेवढ्याच जागेत दुप्पट ट्रान्झिस्टर बसवूनही चिप पूर्वीपेक्षा जास्त तापत नाही.

मग उंची आणखी का कमी करत नाहीत? नळ गळतो म्हणून. व्होल्टेज उतरवायचं तर स्विच चालू होण्याचा उंबरठाही खाली आणावा लागतो, आणि नेहमीच्या तापमानाला इलेक्ट्रॉनांची ऊर्जा अशी विखुरलेली असते की उंबरठा ६० मिलिव्होल्टने उतरवला तर बंद स्विचमधली गळती किमान दसपट होते. १८० मिलिव्होल्टने उतरवला तर हजारपट! हा उष्मागतिकीचा नियम आहे, कारखाना कितीही चांगला असला तरी नेहमीचा ट्रान्झिस्टर त्याच्या पलीकडे जात नाही. २००४ च्या सुमारास पेंटियम ४ याच भिंतीवर आदळला, आणि ४ गिगाहर्ट्झचं मॉडेल रद्द करावं लागलं. मग ट्रान्झिस्टरचा आकारच बदलला. ट्रान्झिस्टरमधून वीज जाते त्या वाटेला वाहिनी म्हणतात. पूर्वी गेट वाहिनीवर नुसतं वरून दाबायचं. २०११ साली इंटेलने जाहीर केलेल्या रचनेत वाहिनी पातळ भिंतीसारखी उभी केली आणि गेट तिला तिन्ही बाजूंनी कवटाळू लागलं. रबरी नळी एका बोटाने दाबण्यापेक्षा मुठीत आवळली की पाणी जसं पक्कं थांबतं, तसं.

आता स्विच इतके काटकसरी झालेत की खर्चाची जागा बदलली आहे. प्रत्येक तार हीसुद्धा टाकीच, जितकी लांब तितका तळ मोठा. दोन संख्यांची बेरीज करण्यापेक्षा त्या संख्या बाहेरच्या मेमरी चिपमधून आणायला शेकडो पटींनी जास्त ऊर्जा लागते. म्हणूनच अलीकडच्या कित्येक फोनमध्ये मेमरी प्रोसेसरच्या थेट डोक्यावर बसवलेली असते, आणि काही लॅपटॉपमध्ये त्याला अगदी खेटून. त्यांतली तार सेंटिमीटरांवरून मिलिमीटरांवर आली आहे.