चर्चमधल्या बायका, क्विल्ट आणि अनोळखी माणसं: थोडी पार्श्वभूमी

अमेरिकेत मिनेसोटा, आयोवा, कॅन्सस, पेनसिल्व्हेनिया या भागातल्या कितीतरी लुथरन आणि मेनोनाइट (दोन्ही प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ) चर्चेसमध्ये ठरलेल्या दिवशी बायका जमतात आणि क्विल्ट बनवतात, म्हणजे आपल्या गोधडीसारखंच, वर तुकडे जोडलेलं कापड, मध्ये भर आणि खाली अस्तर. फरक एवढाच की हे घरासाठी नसतं, ज्यांना त्या आयुष्यात कधी भेटणार नाहीत अशा माणसांसाठी असतं. लोकांना वाटतं रिटायर्ड बायकांचा छंद आहे, आणि तिथेच मला राहवत नाही, कारण यामागे दीडशे वर्षांहून जास्त इतिहास आहे आणि तो जितका मदतीचा आहे तितकाच बायकांनी चर्चमध्ये स्वतःची जागा कशी मिळवली याचाही आहे.

मूळ प्रेरणा बायबलमधली. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ९, यापो गावातली टबीथा, तिलाच दुर्कस म्हणतात. ती वारल्यावर गावातल्या विधवा रडत रडत येशूचा शिष्य पेत्र याला तिने शिवलेले कपडे दाखवतात. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत चर्चच्या बायकांनी गरिबांसाठी शिवणकाम करायला मंडळं काढली त्यातल्या बऱ्याच मंडळांना तिचंच नाव दिलं, डॉर्कस सोसायटी. सुई घरोघरी होतीच आणि बाईने सुई हातात घेतली तर कोणी आक्षेप घेत नव्हतं, त्यामुळे त्या सुईच्या आडून बऱ्याच गोष्टी झाल्या. १८३६ मध्ये बोस्टनला गुलामगिरीविरोधी बायकांनी भरवलेल्या जत्रेत पाळण्यातल्या बाळासाठीचा एक छोटा क्विल्ट विकला गेला, त्याच्या मधोमध शाईने कविता लिहिलेली, आई, तू बाळाला कुशीत घेतेस तेव्हा जिचं मूल ओढून नेलं त्या गुलाम आईचा विचार कर, अशा अर्थाची.

मग १८६१ ला अमेरिकेत उत्तर विरुद्ध दक्षिण असं यादवी युद्ध सुरू झालं आणि कामाचा आवाकाच बदलला. उत्तरेकडच्या राज्यांत सॅनिटरी कमिशन नावाची संस्था उभी राहिली, जखमी सैनिकांच्या हॉस्पिटलसाठी सामान गोळा करणारी, आणि गावोगावच्या चर्चमधल्या लेडीज एड सोसायट्या तिला माल पुरवू लागल्या. क्विल्टची साइजसुद्धा कळवलेली होती, साधारण ७ फूट लांब आणि ५० इंच रुंद, म्हणजे हॉस्पिटलच्या अरुंद खाटेला बसेल अशी. घरचे मोठे क्विल्ट कापून, उसवून पुन्हा जोडून पाठवले बायकांनी, काहींनी कापडावर स्वतःचं नाव-गाव आणि सैनिकासाठी दोन शब्द लिहिले. एका अंदाजाप्रमाणे युद्धात अडीच लाख क्विल्ट गेले, आज त्यातले अगदी मोजके शिल्लक आहेत कारण ते वापरून वापरून संपले, आणि माझ्या मते वापरून संपणं हेच त्यांचं यश.

युद्धानंतर या मंडळांच्या हातात आणखी एक गोष्ट आली, पैसा. दहा-दहा सेंट घेऊन लोकांची नावं क्विल्टवर भरतकामाने काढायची आणि शेवटी तोच क्विल्ट लिलावात विकायचा, म्हणजे एकाच कापडातून दोनदा कमाई. यातून चर्चच्या इमारतींना पैसे गेले, धर्मप्रसाराच्या मिशनला गेले, पहिल्या महायुद्धात रेडक्रॉसला गेले. आणि लक्षात घ्या, यातल्या कितीतरी चर्चेसमध्ये बायकांना सभेत मत नव्हतं. मिसूरी सिनॉड या लुथरन चर्चच्या एका शाखेने बायकांना मंडळीच्या सभेत मतदानाची मोकळीक दिली ती थेट १९६९ मध्ये! पण मंडळाचा हिशोब बायकांच्या वहीत असायचा आणि चर्चचं छप्पर गळायला लागलं की पुरुषमंडळींना त्यांच्याकडेच यावं लागायचं.

आजचं जे रूप दिसतं ते मुख्यतः दोन संस्थांमुळे. १९२० मध्ये दक्षिण रशिया आणि युक्रेनमधल्या उपाशी लोकांना मदत करायला मेनोनाइट सेंट्रल कमिटी स्थापन झाली, आणि १९४५ मध्ये युद्धाने उद्ध्वस्त युरोपसाठी लुथरन वर्ल्ड रिलीफ. दुसऱ्या महायुद्धानंतर युक्रेनमधून पळालेली मेनोनाइट कुटुंबं नेदरलँड्समध्ये पोचली तेव्हा अमेरिका-कॅनडातल्या बायकांनी पाठवलेल्या क्विल्टखाली झोपली, आणि त्यातले काही क्विल्ट नंतर कित्येक वर्षं तिथल्या एका घरात जपून ठेवलेले होते. पुढे युरोप सावरला तसे गठ्ठे आशिया, आफ्रिका, मध्यपूर्वेकडे जायला लागले. लुथरन बायकांचंच काम बघा, वर्षाला काही लाख क्विल्ट.

एवढे बनतात कसे, तर बारीक टाके घालत बसत नाहीत. तीन थर फ्रेमवर ताणायचे, मोठ्या सुईत जाड दोरा घालून आरपार काढायचा आणि चार-सहा इंचांवर पक्की गाठ मारायची, बस. चार-पाच जणी फ्रेमभोवती बसल्या की एका बैठकीत क्विल्ट उरकतो, शिवता न येणारीलाही गाठ मारता येते त्यामुळे कोणालाच परत पाठवावं लागत नाही. कापड मिळेल ते, १९३० च्या दशकातल्या मंदीच्या काळात पिठाची आणि पशुखाद्याची छापील पोती, १९७० नंतर जुन्या पॉलिएस्टर पँटी, जड असायच्या पण फाटायचं नाव नाही. लुथरन क्विल्टची साइज ६० बाय ८० इंच ठरलेली, कारण घेणारा त्याचं काय करेल सांगता येत नाही, कोणी पांघरतं, कोणी जमिनीवर अंथरतं, निर्वासितांच्या छावणीत तो पडदा होतो, भिंत होते, बाळाला पाठीशी बांधायला होतो.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती कापडाबद्दलची सूचना. झेंडे नकोत, लष्करी छापाचं कापड नको. १८६१ मध्ये ज्या बायका आपल्या बाजूच्या सैनिकांसाठी शिवत होत्या त्यांच्या पणत्या आज कुठलीच बाजू नसलेला क्विल्ट बनवतात, कारण तो युद्धातून पळालेल्या माणसाच्या हातात पडणार असतो आणि त्यावर कुठल्या सैन्याचे रंग दिसले तर त्याच्या जिवाला धोका होऊ शकतो.