चर्चवर दावा लावायचा, पण नेमका कोणावर?

नोव्हेंबर 2024 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने (तिथले सर्वोच्च न्यायालय हेच) व्हिक्टोरिया राज्यातल्या बॅलरॅटच्या कॅथलिक धर्मप्रांताची जबाबदारीतून सुटका केली. 1971 साली पोर्ट फेरी गावात घरोघरी भेटी देणाऱ्या धर्मगुरूने पाच वर्षांच्या मुलावर त्याच्याच घरात अत्याचार केले, हे व्हिक्टोरियाच्या कोर्टांत सिद्ध झाले होते आणि धर्मप्रांताला जबाबदारही धरले होते. हायकोर्टाने मात्र धर्मगुरू नोकर नाही, एवढ्यावर तो निकाल फिरवला. इंग्लंड आणि कॅनडाच्या कोर्टांनी हे नाते नोकरीसारखेच मानून संस्थेला कधीच जबाबदार धरले होते.

या वादाचे मूळ सिडनीच्या जॉन एलिस यांच्या खटल्यात आहे. 1970 च्या दशकात ते चर्चमध्ये वेदीसेवक (पूजाविधीत धर्मगुरूला मदत करणारा मुलगा) होते. त्यांच्यावर अत्याचार करणारा धर्मगुरू 2004 मध्ये वारला. मग दावा कोणावर लावायचा? चर्च ही नोंदणी नसलेली मंडळी, त्यामुळे कायद्याच्या लेखी ती व्यक्तीच नव्हे. जमीनजुमला 1936 च्या कायद्याने विश्वस्तांच्या नावावर होता, पण धर्मगुरूंची नेमणूक आणि देखरेख त्यांच्याकडे नव्हती. 2007 मध्ये न्यू साउथ वेल्सच्या (सिडनी याच राज्यात) अपील कोर्टाने विश्वस्तांना मोकळे सोडले. मालमत्तेला मालक होता, अपराधाला नव्हता! चर्चचा हाच बचाव पुढे ‘एलिस डिफेन्स’ म्हणून गाजला. वकील पीडितांना कोर्टाची पायरी चढू नका असे सांगू लागले, आणि चर्चच्याच भरपाई योजनेत मिळेल ते घेण्यावाचून अनेकांना गत्यंतर उरले नाही. मेलबर्नच्या अशा योजनेत 1996 साली कमाल रक्कम होती 50,000 डॉलर.

मार्च 2014 मध्ये रॉयल कमिशनसमोर (संस्थांमधल्या बाल अत्याचारांची चौकशी करणारा सरकारी आयोग) खटल्याच्या वेळचे सिडनीचे आर्चबिशप कार्डिनल जॉर्ज पेल यांनी एलिस यांची माफी मागितली. दावा कडवेपणाने लढण्यामागे इतरांनी कोर्टात जाऊ नये हाही हेतू होता, असा निष्कर्ष कमिशनने काढला.

त्यानंतर कायदे बदलले. व्हिक्टोरियाने 2015 मध्ये आणि न्यू साउथ वेल्सने 2016 मध्ये अशा दाव्यांसाठीची मुदतीची अट काढली. 2018 पासून अशा संस्थेला स्वतःच्या वतीने प्रतिवादी पुढे करावा लागतो. बॅलरॅटच्या खटल्यात बिशप प्रतिवादी झाले ते त्यामुळेच. म्हणजे ‘कोणावर’ हा प्रश्न सुटला, ‘कशासाठी’ हा राहिला. संस्थांवर नवी जबाबदारी टाकणारी व्हिक्टोरियातली तरतूद जुलै 2017 नंतरच्या अत्याचारांनाच लागू होते. 1971 च्या मुलाच्या वाट्याला जुनाच कायदा आला.