मांड्या आठवड्यात सावरतात, हाडं मागे राहतात

अनेक आठवड्यांच्या पायी भटकंतीत सगळ्यात फसवा दिवस पहिला. संध्याकाळी सॅक खाली टाकल्यावर पाय दुखतात, पण ते दुखणं ओळखीचं असतं. खरी परीक्षा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी, तंबूची चेन उघडून उठताना. मांड्या अशा धरलेल्या असतात की जमिनीला हात टेकल्याशिवाय उभं राहवत नाही. चढ त्यातल्या त्यात बरा. उताराला लागलं की दहा पावलांत गुडघे लटपटतात.

'अंग आंबलं' असं आपण म्हणतो, आणि त्या शब्दाला साजेसं स्पष्टीकरणही वर्षानुवर्षं सांगितलं जातं: स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचतं म्हणून. शब्द मला फार आवडतो, पण स्पष्टीकरण चुकीचं आहे. थांबल्यावर तासा-दोन तासांत लॅक्टेटचा, म्हणजे शरीरात हे आम्ल ज्या रूपात असतं त्याचा, निचरा होतो, दुखणं मात्र 24 ते 72 तासांनी कळसाला पोहोचतं. 1983 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माणसांना ट्रेडमिलवर सपाटीला आणि उताराला पळवून पाहिलं. सपाटीला लॅक्टेट वाढलं, पण पाय दुखले नाहीत. उताराला लॅक्टेट फारसं वाढलंच नाही, तरी पुढचे दिवस पाय भरून आले.

कारण उतरताना मांडीचा स्नायू ब्रेक होतो. चढताना तो आवळतो आणि आखडतो, त्यात काही बिघडत नाही. उतरताना मात्र पाठीवरच्या वजनासकट आपण खाली कोसळू नये म्हणून तो आवळलेला असतो आणि त्याच वेळी ताणलाही जातो. या ओढाताणीत त्याच्या तंतूंतली सूक्ष्म रचना जागोजागी विस्कटते. मग दुरुस्ती सुरू होते, सूज येते, आजूबाजूच्या नसा हळव्या होतात. यातली दिलाशाची गोष्ट अशी, की एकदा असा मार खाल्लेला स्नायू पुढचे काही आठवडे तसल्याच उताराला बराच कमी दुखतो. पहिल्या आठवड्याचं दुखणं त्या अर्थानं वाया जात नाही.

पायाच्या फोडांबद्दलही असाच एक गैरसमज आहे. बूट बाहेरून घासतो आणि कातडी सोलते, असं वाटतं. प्रत्यक्षात घामानं ओली झालेली कातडी मोज्याला चिकटून जागच्या जागी राहते आणि आतलं टाचेचं हाड प्रत्येक पावलाला पुढे-मागे सरकतं. मधले थर ताणले जातात, हजारो वेळा. शेवटी वरचा थर न फाटता त्याच्याखालच्या पेशींचा थर आत उसवतो आणि त्या फटीत पाणी भरतं. म्हणून तर फोड टाच आणि बोटांसारख्या जाड कातडीच्या जागी येतात. पातळ कातडी असती तर ती सरळ सोलून निघाली असती. फोड उठण्याआधी तिथे गरम लागू लागतं. त्या क्षणी थांबून बूट काढावा, पाय कोरडा करावा, पट्टी लावावी. पुढच्या थांब्यावर बघू म्हटलं, की तो थांबा येईपर्यंत फोड आलेला असतो.

पहिल्या रात्री झोपही नीट लागत नाही. अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्धगोल उजव्याइतका गाढ झोपत नाही, आवाजांचा कानोसा घेत राहतो, असं 2016 साली ब्राऊन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं. पानांची सळसळ ऐकून दचकत असाल, तर तुम्ही भित्रे आहात असं नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी मात्र काहीतरी पालटतं. त्याच चढाला कमी धाप लागते. इतक्या थोड्या दिवसांत स्नायू काही फार बळकट झालेले नसतात. वाढलेलं असतं ते रक्तातलं पाणी. रोजच्या श्रमांनी मूत्रपिंडं मीठ आणि पाणी राखून ठेवू लागतात आणि रक्ताचा द्रवभाग काही दिवसांतच सुमारे 10 टक्क्यांनी वाढू शकतो. हृदयाच्या एका ठोक्यात जास्त रक्त पुढे जातं, ठोके कमी लागतात. अंगात बळ आल्यासारखं वाटतं आणि रोजचं अंतर वाढवायचा मोह होतो.

मला काळजी वाटते ती याच दिवसांची. दम सावरला, मांड्या सावरल्या, पण हाडांचं काम नुकतंच सुरू झालेलं असतं. नवा भार पडला की हाड आधी जुना भाग पोखरून काढतं. त्याला साधारण तीन आठवडे लागतात. ती पोकळी नव्या हाडानं भरायला आणखी तीन-एक महिने जातात. म्हणजे मधल्या काळात ते हाड आधीपेक्षा कमजोर असतं, आणि नेमकं तेव्हाच आपण सर्वांत जोमात चालत असतो. 1855 साली ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टरनं कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या, ठणकणाऱ्या पावलांची नोंद केली होती. त्यामागे तळपायाच्या हाडांना गेलेल्या बारीक चिरा आहेत हे कळायला 1897 उजाडलं, कारण क्ष-किरण सापडले तेच मुळी 1895 साली.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं: पहिले तीन-चार आठवडे अंतर अगदी हळूहळू वाढवा, दम कितीही असो. सॅक हलकी करा, आणि त्याहून आधी बूट हलके घ्या. पायातल्या एका किलोला पाठीवरच्या चार ते सहा किलोंइतकी शक्ती लागते, असं मोजमापांतून दिसलं आहे. दुखणं ओळखायची खूणही लक्षात ठेवा. स्नायूचं दुखणं पसरट असतं, अख्खी मांडी दुखते, आणि चालून अंग गरम झालं की सैलावतं. नडगीवर किंवा पावलावर एका बोटानं दाखवता येईल अशी एकच जागा दुखत असेल, चालताना वाढत असेल आणि रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर त्या दिवशी चाल तिथेच थांबवा आणि डॉक्टरला दाखवा. क्ष-किरण तपासणीत काही दिसलं नाही, तरी निर्धास्त होऊ नका. असली चीर पहिले दोन-तीन आठवडे त्यात बऱ्याचदा दिसतच नाही.