टॉपवॉटरवर मस्की: विक्रमांच्या वहीत नसलेला खेळ

उन्हाळ्यात पाणी तापलं आणि वारा पडला, की अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मिनेसोटा राज्यांतल्या तळ्यांवर अंधार पडता पडता 'प्लॉप-प्लॉप' सुरू होतं. मस्की हा गोड्या पाण्यातला मोठा शिकारी मासा; पाण्याच्या वर आवाज करत येणाऱ्या नकली आमिषाच्या गळाने, म्हणजे टॉपवॉटरने, तो पकडणाऱ्यांची आज हीच ओळख. वजनाच्या विक्रमांची वही उघडली तर मात्र या आवाजाचा तिथे मागमूस नाही.

जुना भाग थोडक्यात. मस्कीचं नाव ओजिब्वे या तिथल्या मूळ रहिवासी लोकांच्या भाषेतून आलं. पाण्यावर चालणारे लाकडी गळ मिशिगनमधल्या डोवाजियाक गावातून 1900 च्या आसपास विकले जाऊ लागले, तेही मुख्यतः बास नावाच्या माशासाठी. मस्कीच्या मागे असलेले लोक जिवंत सकर मासा आमिष म्हणून लावायचे, नाहीतर होडीमागे गळ ओढत फिरायचे. मासा घरी न्यायचा, तोलायचा, टॅक्सिडर्मी करून भिंतीवर लावायचा. जिथे वजनच सगळं, तिथे तमाशा कोण बघतो?

खरा घोळ 1949 चा. विस्कॉन्सिनमधल्या हेवर्डच्या परिसरात जुलैमध्ये 67 पौंड 8 औंसांची मस्की मिळाली, आणि ऑक्टोबरमध्ये चिप्पेवा फ्लोएज या जलाशयावर 69 पौंड 11 औंसांची, म्हणजे साडेएकतीस किलोंच्या वर. दुसरी सकरवर लागली आणि होडीत घेण्याआधी तिला गोळी घातली गेली. तेव्हा ते कायद्याला चालायचं. 1957 मध्ये सेंट लॉरेन्स नदीतून 69 पौंड 15 औंसांचा दावा आला आणि विक्रम तिकडे गेला. 1992 मध्ये जुने फोटो तपासून तो रद्द झाला. एका संस्थेच्या वहीत विक्रम परत ऑक्टोबरच्या माशाकडे आला, दुसरीच्या वहीत जुलैच्या. मग 2005 मध्ये काही अभ्यासूंनी ऑक्टोबरच्या माशाचे फोटो मोजून सांगितलं, की हा नोंदलेल्या साडेत्रेसष्ट इंचांपेक्षा बराच आखूड आहे. 2006 मध्ये वही राखणाऱ्या संस्थेने आक्षेप फेटाळला. कॅमेऱ्याचं अंतर, माशाचा तिरकेपणा, भिंग यांनी माप हलतं हे खरंच आहे. पण 1992 ला फोटो पुरेसा होता आणि 2006 ला नाही, हे काही पटत नाही. आजही कोणता मासा सर्वात मोठा, हे तुम्ही कोणाची वही धरता त्यावर ठरतं.

या तिन्हींपैकी एकही मासा टॉपवॉटरवर आलेला नाही. जुलैचा मासा सोडला तर एक कारण साधं आहे: मस्कीचं अंग भरतं शरदात, आणि टॉपवॉटर चालतं ते कोमट पाण्यात.

हा खेळ मोठा झाला तो मासा परत सोडायची रीत रुळल्यावर. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात मस्कीप्रेमींच्या संघटनांनी ती चालवली आणि पुढच्या वीसेक वर्षांत मारलेली मस्की दाखवणं लाजेचं होऊन बसलं. तराजू गेला, लांबी आणि गोष्ट उरली. गोष्ट म्हणाल तर टॉपवॉटरइतकी कुठेच नाही: गळामागे पाणी फुगतं, पाठ दिसते, आणि हात आपोआप झटका मारतो. इथेच निम्मे मासे जातात. दोरीवर वजन जाणवेपर्यंत थांबायचं, हे शंभरदा ऐकूनही जमत नाही. गळ होडीपाशी आला, की काठीचं टोक पाण्यात घालून इंग्रजी आठचा आकडा काढायचा. मागे मागे आलेली मस्की पुष्कळदा तिथेच तोंड उघडते.

पुढे साधनंही बदलली. डॅक्रॉनच्या जुन्या दोरीच्या जागी 1990 च्या दशकात न ताणणारी विणलेली दोरी आली. धातूच्या पंखांचे, पोहणाऱ्यासारखे हात मारत येणारे 'क्रीपर' होतेच. त्यांच्या जोडीला शेपूट फिरणारे गळ आले. त्यातला व्हॉपर प्लॉपर मस्कीसाठी बनला, पण त्याला उचलून धरलं ते बासवाल्यांनी. मस्कीवाले अजून कुरकुरतात, की त्यांच्या गळाचं नाव दुसऱ्यांनी काढलं.